निरोपाशेजारचा आकडा

(बुसान शहर. सकाळ. दानबीच्या खोलीचं दार किलकिलं, ती आत दाराला टेकून बसलेली. आजी उंबऱ्याशी बसलेली, मांडीत नातीचा मोबाइल.)

दानबी : म्हणजे तू वर्गाचा ग्रुप उघडलास?

आजी : उघडला. वाचला पण. किती घाण लिहितात तुझ्याबद्दल.

दानबी : अगं, निरोपाशेजारी न वाचलेल्यांचा आकडा असतो. शेवटची मीच उरले होते; मी वाचलं की तो जातो. आता सगळ्यांना कळलं, मी वाचून गप्प बसले.

आजी : मला वाटलं, गुपचूप बघता येतं. चुकलंच माझं.

दानबी : ग्रुप सोडला की परत ओढून घेतात. म्हणून त्यांचे निरोप न वाचता ठेवायचे. तेवढंच माझ्या हातात होतं. जाऊ दे. तू जा ना देवळात, ढोल सुरू झाला असेल.

आजी : आज नाही जात.

दानबी : प्रवचनाला तू तापातही गेलीस. भिक्खू गायला लागले की तुला घर आठवत नाही, असं आईच म्हणते.

आजी : आई निघालीय कामावरून. मी बोलावलं.

दानबी : कशाला?

आजी : काल शेजारची छोटी सोहा तुझं जाड जाकीट घालून आली. म्हणाली, ताईनं कायमचं दिलं. थंडी तर आत्ता कुठे पडतेय.

दानबी : मला नकोय ते.

आजी : जाकीट नकोय, की पुढचा हिवाळाच नकोय?

(दानबी दार लावू पाहते; आजी हात आड घालते.)

आजी : सरळ विचारते, बाळा. मरून जावं असं येतं का मनात?

दानबी : असं विचारतं का कुणी.

आजी : मदतीच्या फोनवरच्या बाई म्हणाल्या, विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. पहाटेपासून धीर गोळा करतेय मी.

दानबी : येतो. रोज येतो. आईला नको सांगूस.

आजी : सांगणार. रागाव माझ्यावर, पण हे एकटीनं नाही ठेवायचं.

दानबी : खूप दमलेय गं.

आजी : सरक जरा, आत येऊ दे. भिक्खू गाता गाता दमले की काय होतं?

दानबी : तुम्ही सगळ्या म्हाताऱ्या ओरडता. बेसूर.

आजी : बेसूर तर बेसूर. त्यांचा श्वास परत येईतो बुद्धाचं नाव आम्ही धरून ठेवतो, खाली पडू देत नाही.

दानबी : त्या बाईंचा फोन येणारे पुन्हा?

आजी : आई पोचली की. आधी मी बोलेन. तू दम घे.

दानबी : आजी.

आजी : काय गं?

दानबी : दार राहू दे उघडं.