एका डबीतली मिसरी

महं माहेर नायगावकडचं, दिलं लोह्याला, अन् पोटासाठी आलो नांदेडला, दवाखान्यात मावशी म्हनून लागले त्याला लई वर्सं झाली, बाई. मावशी म्हंजे काय, लघवी-संडासला भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्या मानसाला कुशीवर करायचं. गयाबाई म्हनून कुनी हाक मारत न्हाई, सगळ्याची मावशीच.

नवीन नवरी आले तवा सासूनं, आत्याबाई म्हनायची मी त्यांना, मिसरी लावायला शिकवली. तंबाखू भाजायची, कुटायची, बोटानं दातावर फिरवायची. लई वंगाळ सवय, पन काय सांगू तुमाला, तिच्याबिगर डोकंच चालत न्हाई. घरात आमची दोघींची डबी एकच, कितीबी भांडलो तरी डबी एकच.

तुमी करोनाचंच लिहून घ्यायला आलात, तर आयका, करोना आला अन् मही डुटी त्याच वार्डात. ते किट घातलं की पानी न्हाई, लघवी न्हाई, घाम पार चपलात उतरायचा. घरी आले की दारातच आंगोळ, कपडे उकळत्या पान्यात, ताट येगळं, डबी बी येगळी, मी पडवीत अन् आत्याबाई अन् त्यांचा ल्योक, आमचे मालक, आत. सगळं सगळं केलं बगा.

पन लाकडाऊनमधी तंबाखू मिळंना. आत्याबाईची डबी सरली, मह्या कमरेला तेवढी एक व्हती, डुटीवर नेत व्हते ती. खोटं कशाला बोलू, वार्डात डोकं ठनकलं की मोरीत जायची, किटची चेन उघडायची, हातमोजा काढायची, मास्क खाली करायची अन् बोट डबीत. हिकडं आत्याबाई तीन दिवस डोक्याला फडकं बांधून पडलेल्या, गये, दे की गं चिमूटभर, काळजाचा दगड केलास व्हय म्हनल्या. मला दया आली. तीच डबी उंबऱ्यावरून सरकवली. त्यांनी बोट घातलं, वापस दिली, मी घातलं.

चार दिवसानं त्यांना ताप, मग मला. मह्याच वार्डात मला खाट, अन् त्या दोन खाटा सोडून पल्याड. पानी पाजायला उठावं तर सिस्टर वरडायची, मावशी, तुम्ही आता पेशंट आहात, झोपा. सगळा वार्ड मह्या हाताखालचा, अन् मला दोन खाटा वलांडता येईनात. त्या गेल्या तवा मी तिथंच पडलेली, नाकात नळी.

ताप आधी आईला आला म्हनून आमच्या मालकांनी एकच धरलं, म्हातारी राशनच्या लायनीत बसली, तिनंच रोग घरात आनला अन् मह्या बायकोला दिला. पित्राचं ताट वाढताना सुदीक बोलत्यात, म्हनलं व्हतं जाऊ नको, ऐकलं का कुनाचं? मेलेल्या माउलीला बोल, अन् मला करोना योद्धा म्हनून शाल-नारळ, त्याचा फोटो मालकांनीच भिंतीला लावलाय. अहो, तिनं न्हाई, म्या आनला, इतकं म्हनायला जाते अन् ताटात आनखी भात वाढते. बोलले तर घर मोडंल, न्हाई बोलले तर ती बिचारी मरून बी गुन्हेगारच. कुन्या दारानं भाईर निघू, तुमीच सांगा.

आज तुमाला सांगितलं, ते तुमी परक्या म्हनून. मालक तुमच्या चहाला दूध आनायला गेलेत. आले की इचारतील, सांगितलं का गं सगळं? मी हाव म्हनीन. देव तुमचं भलं करो, बाई, पन तवा तुमी बी नुसती मान हालवा.