चंद्राभोवतीचं कडं

(चीनमधलं सूचौ शहर. नेत्रालयातली अंधारी खोली. म्याओयुन रेशमावर भरतकाम करते. तिची मुलगी रुईलान तिला रेशीम रंगवून देते.)

डॉ. लू : हलू नका मावशी. भिंग अजून डोळ्यावरच आहे.

म्याओयुन : तळ्याच्या तळाशी बसून वर बघावं तसं वाटतंय. दुखत मात्र नाही.

डॉ. लू : थेंबांनी बधिर केलाय डोळा. या भिंगात छोटा आरसा आहे. बुबुळाच्या काठचा, समोरून न दिसणारा कोपरा त्यात दिसतो. डोळ्यातलं पाणी तिथूनच झिरपून जातं.

म्याओयुन : मग, दिसला?

डॉ. लू : दिसायला हवा होता. झालं, काढलं भिंग. आता या यंत्रावर हनुवटी टेका.

रुईलान : आई, पुढे सरक की. घरी भरतकामाच्या चौकटीवर नाक टेकवून बसतेस, इथे कसली लाजतेस?

म्याओयुन : चौकट माझ्या डोळ्यात डोळे घालून बघत नाही.

डॉ. लू : बास, मिळाले फोटो. पडद्यावर बघा. डोळा मधोमध कापला तर असा दिसेल. वरची कमान म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, खाली बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. दोन्ही जिथे भेटतात तिथे फट दिसतेय? हा दिवा लावून काढलेला फोटो.

म्याओयुन : धागा सोडवत गेलं की शेवटचा पदर उरतो, तेवढीच दिसतेय.

डॉ. लू : आणि हा अंधारातला.

रुईलान : फट कुठे गेली?

डॉ. लू : मिटली. अंधारात बाहुली मोठी होते, रंगीत पडदा कोपऱ्यात गोळा होतो, पाणी तुंबतं. डोळ्यातला दाब चढतो. काचबिंदूची ही एक वाट आहे. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणालात ना?

म्याओयुन : दुखतं. आणि मग कडं येतं. दिव्याभोवती, तळ्यावरच्या चंद्राभोवती. आत जांभळं-निळं, बाहेर तांबडं. बाकी सगळं धुक्यात बुडतं, तेवढं तरंगत राहतं. तेच भरतेय सध्या. कातरवेळी, दिवा न लावता बसते. मग जास्त खुलतं.

डॉ. लू : मावशी, ते चंद्राचं नाही. दाबामुळे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सुजतो, त्यातून दिसणारे रंग आहेत ते.

म्याओयुन : असेनात. असा चंद्र गावात दुसऱ्या कुणाच्या सुईतून उतरलेला नाही.

डॉ. लू : एखाद्या संध्याकाळी फट मिटेल ती उघडणारच नाही. गेलेली नजर मला परत आणता येत नाही. लेझरने रंगीत पडद्याला बारीकसं भोक पाडते, पाण्याला दुसरी वाट होईल. आजच करू.

म्याओयुन : आणि कडं?

डॉ. लू : बहुतेक नाही दिसणार.

म्याओयुन : मग आधी चंद्र पुरा होऊ दे. बाहेरचं तांबडं तेवढं राहिलंय.

रुईलान : हट्ट पुरे झाला! तांबडं मी भरते.

म्याओयुन : तू? सुई हातात घेतलीस की पहिलं तुझं बोट शिवतेस. तुझी जागा रंगाच्या हंड्यापाशी. पण रंग, डॉक्टरीणबाई, काय नेमका देते! 'कड्याचं तांबडं' म्हटलं की तसंच, विटकं, नारिंगीकडे झुकलेलं.

डॉ. लू : नमुना दाखवता?

म्याओयुन : डोळ्यात दिसणाऱ्याचा नमुना कुठून आणू?

डॉ. लू : मग रुईलान, तुम्हाला कसा कळतो तो रंग?

रुईलान : त्यात कळायचं काय? संध्याकाळी हंड्यापासून उठून दिव्याकडे बघितलं की समोरच असतो.

डॉ. लू : कुणाच्या समोर?

रुईलान : सगळ्यांच्याच. दिवा म्हटला की कडं आलंच.

डॉ. लू : माझ्या दिव्याला नसतं.

रुईलान : काहीतरीच! कधीच नसतं?

डॉ. लू : कधीच नाही.

म्याओयुन : रुई, संध्याकाळी तुझंही डोकं चढतं. रंगाच्या वाफेने म्हणतेस.

रुईलान : वाफेनेच असेल, आई.

म्याओयुन : डॉक्टरीणबाई, माझं आजच उरका. पण त्याआधी हिला या खुर्चीत बसवा.

रुईलान : आणि चंद्र?

म्याओयुन : अर्धाच राहू दे. ये, टेक हनुवटी. घाबरू नकोस, आत नुसता अंधार असतो. मी आहे इथे.