मागच्या खोलीत राहायला मीच सांगितले होते

जबाब देणार घरमालकीण, विधवा, वय ६१ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार पिठाच्या गिरणीमागील गल्ली.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील घर माझ्या नावावर आहे. मागच्या बाजूची एक खोली मी चौदा वर्षांपूर्वी एका शिंप्याला भाड्याने दिली. कागद केला नाही. पहिली दोन वर्षे भाडे वेळेवर आले.

त्यानंतर त्याची बायको अंथरुणाला खिळली. तिच्या उशाशी बसून मी त्याला म्हटले, "भाड्याचं राहू दे. हिला बरं वाटेपर्यंत राहा निवांत." खोलीत आम्ही तिघेच होतो. पुढे ती हिंडूफिरू लागली. भाड्याचे मी पुन्हा काढले नाही, त्यानेही काढले नाही. विजेचे मीटर आपल्या नावावर करू का, असे त्याने विचारले. एक कटकट कमी म्हणून मी सही दिली.

जबाब घेणाऱ्या पोलीस साहेबांनी विचारले, "बाई, दुधाची वही ठेवता आणि खोली दिल्याचं कुठेच काही नाही?" वही ठेवते हे खरे आहे. हे त्यात लिहिले नाही. देवाला स्मरून दिलेले मी लिहून ठेवत नाही.

तीन महिन्यांपूर्वी माझी मुलगी कायमची माहेरी आली. ती स्वयंपाकघरात निजते. म्हणून मी शिंप्याकडे खोली मागितली. तो म्हणाला, "काकू, बारा वर्षं उलटली. भाडं नाही, कागद नाही, कुणाची परवानगी नाही. आता कायद्यानं खोली माझी." मी म्हटले, "अरे, परवानगी मीच दिली ना?" तो म्हणाला, "दाखवा." वकिलांचे म्हणणे असे की, परवानगी होती हे ठरले तर ती बारा वर्षे धरली जात नाहीत. पण ते ठरायला साक्षीदार हवा.

काल सकाळी अकराच्या सुमारास मी त्याच्या खोलीत घुसले, अशी त्याची तक्रार आहे. मी पुन्हा एकदा विचारायला गेले होते व दाराबाहेर उभी होते. त्याची बायको म्हणाली, "काकू, उन्हात काय उभ्या? आत या." मी आत जाऊन बसले. तिने पाणी दिले. नवरा मशीनवर होता. त्याला ती म्हणाली, "भाडं राहू दे म्हणाल्या तेव्हा मी झोपले नव्हते हो. नुसते डोळे मिटले होते." त्याने मशीन थांबवून तिला गप्प बस म्हटले. मी काही तोडले नाही, शिवी दिली नाही. पाणी तसेच ठेवून उठले.

साहेबांनी साक्षीदार विचारला. ती एकच आहे, शिंप्याची बायको. ती खरे बोलली तर तिलाच खोली सोडावी लागेल, हे मला कळते. तिलाही कळत असावे. तरी तिला विचारावे. शिंपी दुपारी दोन ते चार कपडे पोचवायला जातो, तेव्हा विचारावे. तिला पायऱ्या चढवत नाहीत, इथे बोलावू नये.

हा जबाब मला वाचून दाखविला, मी सांगितले तेवढेच त्यात आहे. नंतर मी स्वतःही एकदा वाचला व मग सही केली.