वरच्या खोलीचं टोक

नाही नाही, मीटरचा काटा पुन्हा बघा. चांगला कसा येईल? साठीला आलेली केबल आहे हो ती — माणूस साठीला रिटायर होतो, हिने काय अमरपट्टा बांधलाय? चारही लाइन ठणठणीत म्हणता — खालचा हॉल, स्वयंपाकघर, जिना, माझी खोली. बरं, असतील. मी कुठे नाही म्हणतो? पण वरची खोली राहिलीय ना अजून! ती बघा, मग बोला.

हे बघा वायरमन, तुम्हाला माझ्या ताईने पाठवलंय, ठाऊक आहे मला. फोन तिने केला, पत्ता तिने दिला — पण दार कुणी उघडलं? मी. घर दोघांच्या नावावर असलं तरी राहतो मी एकटाच. भावोजी गेले तेव्हापासून ती मुलाकडे असते. तिथे हॉलमध्ये सोफ्यावर झोपते, आणि सकाळी सहाला अंथरूण गुंडाळून उशीसकट कपाटात — का, तर सात वाजता सुनेच्या शिकवणीची मुलं येतात. तेव्हा तिला वरची खोली हवीय. हवी असू दे की, तिचीही आहे! पण मी कळवलं, बाई गं, वायरिंग गेलंय, कधी पेटेल नेम नाही, तू नको येऊस. काळजीपोटी कळवलं हो. तर म्हणते कशी, 'बाबांनी टाकलेली केबल पेटत नसते, मी माणूस पाठवते.' हे असं. जन्मभर हे असंच चाललंय.

हो, खरंय, नाही पेटत. मला काय सांगता? बाबा कारखान्यात बॉयलरवर वायरमन होते, तिथे सगळीकडे हीच असायची. वरून तांब्याची नळी, आत पांढरी पूड ठासून भरलेली, पुडीच्या मधून तारा — भट्टीत घातली तरी ढिम्म. हिला रोग एकच, ओल. टोकाचं पितळी सील फुटलं की पूड हवेतलं पाणी पिते, आणि मग तुमचं ते मीटर झोपलंच म्हणून समजा. बघा, सगळं माहीत आहे मला. टाकली कुणी? आम्हीच — म्हणजे बाबांनी. आणि ताईने. तेरा वर्षांची होती, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून सरळ करायची केबल. भिंतीवरून कशी गेलीय बघा, फुटपट्टीने ओढल्यासारखी. मी? मी नऊ वर्षांचा. होतो ना, तिथेच होतो. शिडीपाशी. बाबा म्हणालेले, 'तू कशाला हात लावू नकोस', म्हणून नाही लावला. पुढे कुणी विचारलं तर 'आम्ही टाकली' एवढंच सांगत आलो — त्यात खोटं काय? बायको मात्र येईल त्याला दाखवायची, 'हे सगळं ह्यांनी केलंय.' गेली बिचारी त्याच समजुतीत.

हां, लावलंत मीटर? — पडला ना काटा! पडला की नाही? मी ओरडून सांगत होतो. लिहा आता, 'वरच्या खोलीचं वायरिंग निकामी, वापरू नये', आणि खाली तारीख — काय म्हणता, सील जुनं झालं असेल? हो हो, जुनंच. ह्या खुणा? तुम्ही त्या खुणांकडेच बघताय ना? उंदीर असेल. उंदीर पितळ कुरतडत नाही, मान्य आहे. मग गंज असेल. गंजाला दात नसतात हेही मान्य. बरं, दात माझ्याच पकडीचे आहेत. झालं समाधान? सील फोडून महिना झाला. मेन बंद करून केलं, तेवढी अक्कल आहे मला. वर ओलं फडकंही गुंडाळून ठेवलं होतं आठ दिवस.

आणि हे कापता काय? वीतभर? वीतभर कापून नवं सील बसवलं की झालं? म्हणजे ओल टोकापाशीच थांबते, पुढे सगळी केबल कोरडी? — हे नव्हतं ठाऊक मला. कसं असेल? कशाला हात लावू दिलाय कुणी?

थांबा जरा, ऐका. अडतीस वर्षं वजनमापं तपासली मी सरकारात. दुकानदार पाय धरायचे, साहेब, तराजू पास करा — एक खोटा शिक्का मारला नाही. आणि आज मी तुम्हाला म्हणतोय, चांगल्याला वाईट लिहा. नापास करून घ्यायला कधी कुणी आलं नव्हतं माझ्याकडे, त्यामुळे हा प्रकार कसा करतात ते शिकायचं राहिलं. हसू नका. भीती वाटते हो मला तिची. ती काही करत नाही — रागावत नाही, ओरडत नाही. नुसती येते, आणि मी अर्धा तास ज्याच्याशी झटतोय ते दोन मिनिटांत करून ठेवते. आणि वर एक अक्षर बोलत नाही! बोलली असती तर भांडलो तरी असतो. आता इथे नळ गळतो, तर माझा नळ गळतो. दूध उतू जातं, तर मीच पुसतो. सहासष्ट वर्षांचा झालो, आत्ता कुठे ह्या घरात मी मोठा आहे.

उठला का काटा? — उठला. एवढंच होतं तर.

पण हे सील कुठून आणलंत? बाजारात असली सीलं मिळत नाहीत म्हणे हल्ली. — ताईने दिलं? बाबांच्या हत्यारांच्या डब्यातलं? किती दिली तिने? एकच? पाच लाइन, दहा टोकं, आणि बाईने एकच सील दिलं? कुठल्या टोकाला लागेल ते — सांगितलं होतं? काय म्हणाली? नाही, नेमकं सांगा, तिच्या शब्दांत सांगा.

'वरच्या खोलीचं फुटलेलं असेल. त्याला काही विचारू नका. जुनं झालंय म्हणा आणि बदलून टाका.'

असं म्हणाली.

तुम्ही म्हणालात की तसं. म्हणालात, आणि मीच त्या खुणांचा विषय काढून बसलो.

लिहा, सगळं ठीक आहे म्हणून लिहा. सही करा आणि निघा. नाही, आता पाणी नाही, काही नाही — मला तिला फोन करायचाय. काय बोलायचं ते अजून ठरलं नाहीये, पण तुमच्यासमोर नाही. जाताना दार ओढून घ्या.