खऱ्या नावाची चिठ्ठी

आज रविवार, १६ फेब्रुवारी १९८६. दवाखाना बंद. चार वाजता सोसायटीचा हॉल उघडला, सतरंज्या घातल्या, फोटोला हार घातला. तुम्ही सगळे आलात.

मंडळी, मी दवाखान्यात केसपेपर लिहितो. चारचौघांत बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

आपल्या दवाखान्याच्या हिराबाई सिस्टर जाऊन बारा दिवस झाले. मनाचा आजार असला की डॉक्टर ठाण्याच्या हॉस्पिटलची चिठ्ठी द्यायचे. लोक ती खिशात घालायचे आणि जायचे नाहीत. वेड्यांच्या हॉस्पिटलात कोण जाणार? म्हणून सिस्टर चिठ्ठी स्वतःजवळ ठेवायच्या. म्हणायच्या, "गुरवारी आठला स्टॉपवर ये. मी हाय." गुरुवार म्हणजे त्यांच्या सुट्टीचा दिवस.

चार वर्षांपूर्वी माझ्याच घरी हे झालं. नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि माझ्या पत्नीचं बोलणं थांबलं. मग जेवण थांबलं. डॉक्टर तपासून गेले. चिठ्ठी मी लिहिली, त्यांनी न वाचता सही केली. सोसायटीत कळू नये म्हणून मी नाव बदललं होतं. शांता पवार. ती चिठ्ठी मात्र मी माझ्याजवळच ठेवली.

ठाण्याला आम्ही दोघं आणि सिस्टर बाकावर बसलो. शिपायाने हाक मारली, "शांता पवार!" कोणी उठलं नाही. मी पत्नीच्या कोपराला हात लावला. ती हलली नाही. नंबर गेला.

सिस्टरांना तेव्हा कळलं. शिरवणे गावच्या त्या, बोलणं आगरी. थेट बोलल्या, "काय हो साहेब, दुसरीच्या नावाला तुमची बायको कशाला उठंल? आधीच ती हरवली हाय. तिचा नाव पन काढून घेतला?"

त्या खिडकीशी गेल्या, नाव बदलून आणलं. तासाभराने हाक आली, "सुमन केळकर!" सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेली. सुमन उठली. हळू उठली, पण उठली.

पुढे ती बरी झाली. सिस्टर मात्र मला सोडेनात. दवाखान्यात आल्या की, "काय शांताचे मालक, चहा झाला का?" मी कधी उत्तर दिलं नाही, नुसता हसायचो. आता ती हाक येत नाही. तरी दार वाजलं की मी लिहिता लिहिता मान वर करतो. द्यायला हवं होतं उत्तर. नाही का?

हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. काल सुमनला विचारलं, सांगू का? ती म्हणाली, "सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

आता दोन मिनिटं उभे राहू या. मग सावकाश निघा. आवरायला कोणी थांबू नका. सतरंज्या मी एकटाच घडी करून ठेवीन.