राखणदाराच्या झोपडीतला डाव

अजय : आण इकडं लॅपटॉप, दिव्यानी. पाचची बस चुकली तर उद्या कोरपन्याले ड्युटीवर कोन उभं राहीन, तू?

दिव्यानी : दादा, फक्त अर्धा तास. बारा दिवसांची मेहनत आहे. गेममधली शेवटची खोली राह्यली.

अजय : तीन दिवसांपासून शेवटचीच खोली आहे तुझी.

दिव्यानी : दार उघडत नाई ना. दरवेळी डाव जिंकतो मी, अन् दार बंदच्या बंद.

मुखरू : मंग जिंकली कायची?

दिव्यानी : बाबा, झोपले नाई तुमी? या, पाहा इकडं.

मुखरू : पत्ते कुटाले लॅपटॉप कायले पाह्यजे?

दिव्यानी : नुसते पत्ते नाई ते. एका झोपडीत कोंडलं आहे आपल्याले. बाहेरून कुलूप, भोवती जंगल, धुकं. टेबलावर एकच मेणबत्ती. समोर जो बसला आहे ना, त्याचे फक्त हात दिसतात. तो पत्ते वाटते.

मुखरू : तोंड काऊन नाई दाखवत?

दिव्यानी : तीच तर मजा आहे. आवाज वाढवतो, ऐका.

मुखरू : बाप्पा. पाळीवरून पानी चाललं असं वाटून राह्यलं. काटा आला अंगावर.

अजय : खऱ्या तलावाची पाळ दहा मिनिटांवर आहे, बाबा. पोचूकाका रोज बोलावून थकला. हात गेला तेव्हापासून सहा महिने तुमी अंगणाच्या बाहेर पाय ठेवला नाई.

मुखरू : जाळं फेकता येत नाई, तं तिथी जाऊन का लोकायची कीव पाहू?

अजय : तुमी असे बसून राह्यता अन् मले तिकडं चैन पडत नाई. सांगून ठेवतो.

मुखरू : तुयी बस पाय तू. पोरी, यात राजा-रानी कुठी हाय?

दिव्यानी : राजा-राणी नाई. मासोळी, बगळा, कासव, जाळं, पाणी. समोरचा तलावाचा राखणदार आहे. डाव मधातच सोडून खोलीभर फिरताबी येते. ही कोनाड्यातली टोपली पाहा. अन् ही पाटी, 'तळं राखील त्यालाच वाट मिळेल.'

मुखरू : तळं राखीन थो पानी चाखीन, असं म्हनतेत आपल्याकडं.

दिव्यानी : म्हणून तर मी सगळ्या मासोळ्या जाळ्यात घेतो, टोपली भरतो. डाव जिंकतो. मंग मेणबत्ती आखूड होते अन् पुन्हा तोच डाव. आता एका डावापुरतीच उरली. विझली का पहिल्या खोलीपासून सुरू.

मुखरू : हे मासोळी मोठी करून दाखव. हिचं पोट पाय.

दिव्यानी : सगळ्यात भारी पत्ता आहे तो. नऊ गुण.

मुखरू : गुण गेले चुलीत. अंड्यावर हाय थे. धारेच्या उलट चढून राह्यली, दिसत नाई का तुले? मृगात अशी मासोळी जाळ्यात आली तं आपन का करतो?

दिव्यानी : सोडून देतो.

मुखरू : अन् ढिवराची पोर होऊन तीन दिवस तिले टोपलीत कोंबून राह्यली तू.

दिव्यानी : पण हिले सोडलं तर डाव हरतो मी, बाबा. मेणबत्ती संपते.

मुखरू : हर मंग. राखणदाराले टोपली भरलेली पाह्यजे का तलाव?

अजय : बाबा, बारा दिवस लावले तिनं.

मुखरू : तीन दिवस टोपली भरली, उघडलं का दार? तूबी बस इसरून इकडंच पाहून राह्यला. मले का दिसत नाई?

अजय : सोड, दिव्यानी. सरक जरा, मले पाहू दे.

दिव्यानी : अन् बस?

अजय : आहेत अजून पंधरा मिनिटं. ठेव ती मासोळी पाण्याच्या पत्त्यावर.

दिव्यानी : ठेवला. दादा, त्याचे हात थांबले. कधीच थांबत नाई ते.

अजय : मेणबत्ती पाहा.

दिव्यानी : विझली. गेलं सगळं.

मुखरू : चूप. ऐक.

(लॅपटॉपमधून जुनं लाकडी दार करकरत उघडल्याचा आवाज.)

दिव्यानी : उघडलं. बाबा, उघडलं. उजेड पाहा किती. तलाव पाहा समोर.

अजय : काय दिसून राह्यलं यार. अन् तो पाळीवर उभा आहे, पाहा. तोंड दिसलं त्याचं.

मुखरू : म्हातारा हाय. तोंड लपवून होता, पन रुसलेला नव्हता म्हंजे. कोनी मासोळी सोडन याची वाट पाहून राह्यला होता.

दिव्यानी : आता वरच्या तलावाचा रस्ता उघडला. नवीन पत्ते आले. दादा, लॅपटॉप ठेवून जा ना.

अजय : ठेव. पुढच्या रविवारी आलो का मलेबी खेळू देशीन, तर. निघतो मी, आता पळावं लागीन.

मुखरू : थांब, फाट्यापावतर येतो. येता येता पाळीवर जातो. मृग लागला अन् पोचूचे पोरं अंड्यावरच्या मासोळ्या धरत असतीन. त्यायले कोन सांगीन?

दिव्यानी : बाबा, तुमी जाता? खरंच?

मुखरू : सांगाले हात थोडीच लागते. माह्यी चप्पल कुठी ठेवली, पाय बरं. सहा महिन्यांत इसरून गेलो.