तेरा अंश आणि सासूबाई

...अहो पण भिंतीला भोक पाडायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? तीही वाईनच्या खोलीची भिंत! आमच्या फ्रान्सातल्या बोन गावाकडे सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातील, पण वाईनच्या भिंतीला खिळा मारणार नाहीत, माझ्या वडिलांनी मारला नाही, आजोबा तर त्या खोलीत मोठ्यानं शिंकायचे नाहीत... आणि हा दुकानदार आंसेल्म म्हणतो, "फोडा भिंत!"

तुम्हाला सांगतो, निवृत्त झालो, नवं घर घेतलं, आणि घराला तळघरच नाही! मग काय, मागची एक खोली बंद केली आणि चोवीस बाटल्या तिथे आडव्या केल्या. कुठल्या? आमची लेक क्लोतील्द जन्मली त्या सालच्या! सप्टेंबरात तिचं लग्न, तेव्हा उघडायच्या. आणि जुलैत बाहेर अडतीस अंश! वाईनला हवेत तेरा. तापली की गेली, शिजवलेल्या मनुकांची चव! पंचवीस वर्षं जपून पाहुण्यांना मनुकांचं पाणी पाजू का?

म्हणून हे वाईनची खोली गार ठेवायचं यंत्र. आंसेल्म म्हणाला, "एकच पेटी, सगळं आतच असतं, साहेब!" कॉम्प्रेसर, गॅस, पंखे... कारखान्यातूनच भरून आलेलं, बाहेर दुसरं धूड टांगायला नको, नळ्या नकोत. भिंतीत बसवा, वायर लावा, झालं. भिंतीत? छे! मी पेटी खोलीत नेली, फळीवर ठेवली, बटण दाबलं आणि समाधानानं दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बघतो तर काय, एकोणतीस अंश! पोरीचं लग्न दोन महिन्यांवर, आणि मी स्वतःच्या हातानं बाटल्या उकडतोय! आंसेल्मला फोन केला, "अरे, तुझी पेटी आग ओकते!" तो आला, बघितलं, आणि डोक्याला हात लावला. "साहेब, ही पेटी पुढून गार फुंकते आणि मागून गरम. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेर टाकायची, एवढंच तिचं काम. तुम्ही तिला सगळीच आत कोंडलीत! फ्रिजचं दार उघडं ठेवून घर गार होतं का कधी?"

"पण तूच म्हणालास ना, सगळं आतच असतं..."

"यंत्र आत असतं, साहेब! उष्णता कुठे जाईल?"

पाडलं भोक. मी बाहेर पाठ करून उभा होतो, बघवेना. पेटीचं तोंड वाईनकडे, पाठ पलीकडच्या खोलीत, फटी फोमनं बुजवल्या. संध्याकाळपर्यंत तेरा अंश! दुसऱ्या दिवशी छातीवर दगड ठेवून एक बाटली उघडली... काय सांगू तुम्हाला! जशीच्या तशी. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? राहिल्या तेवीस, पण लेकीच्या लग्नाला पुरतील.

फक्त एक राहिलं सांगायचं. पलीकडची खोली कोणाची? सासूबाईंची! ह्यूगेतबाई, वय एक्याऐंशी, विणकाम करत बसल्या होत्या, आणि मागून भसाभसा गरम वारा! "जावईबापू, तुमच्या दारूची गरमी माझ्या मानेवर का?" खिडकी उघडी ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "बाहेर काय बर्फ पडतोय?" आणि उचलली खुर्ची, उचलली लोकर, घेतली शाल आणि सरळ वाईनच्या खोलीत जाऊन बसल्या!

आता अख्ख्या गावात गार जागा ती एकच. शेजारणीपण येतात. ओदील, आमची बायको, तीही कॉफी घेऊन तिथेच. आणि मी? मी सासूबाईंच्या खोलीत, पेटीच्या पाठीशी, घाम पुसत. परवा धीर करून दार जरा ढकललं, म्हटलं, दोन मिनिटं आपल्या बाटल्या बघाव्यात, तर आतून आवाज आला, "दार लावा बघू, जावईबापू! सारखं उघडलं की वाईनला त्रास होतो!"

लावलं. काय करणार... बरोबर बोलतात हो त्या!